सांबारवडीच लिहा

संस्थेला वार्षिक पुस्तकासाठी माझी यशोगाथा हवी होती. एका पानात बसेल अशी. सोबत एक कागद दिला होता, त्यावर ती कशी लिहायची तेही सांगितलं होतं. आधीची परिस्थिती, मिळालेली मदत, आताची परिस्थिती. शिवाय दोन फोटो. 'आधीचा' फोटो चुलीपाशी बसून, जुनं लुगडं नेसून काढायचा होता. मी म्हटलं, माझ्याकडे गॅस येऊन वीस वर्षं झाली, भाड्याच्या खोलीत चूल कुठून आणू? फोटोवाला म्हणाला, शेजारी कुणाकडे तरी असेलच की. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. एका पानात बसायला मी काही पापड नाही. म्हणून हे माझ्या मनाने लिहिते आहे.

मी गरीब बिचारी वगैरे नव्हते, हे आधी सांगून टाकते. अकरा वर्षं यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहात दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. ऐंशी पोरींच्या पोळ्या एका बैठकीत लाटल्या आहेत. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला आहे, खुशाल आहे, त्याच्याविषयी यापुढे एक ओळ लिहिणार नाही. मग वसतिगृहाचा ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली आणि मला फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अकरा वर्षांच्या कामाला एक फोन पुरला. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते.

घरच्या स्वयंपाकाची कामं लगेच मिळत होती. एका घरी गेलेही. बाईंनी सगळं स्वयंपाकघर दाखवलं, डबे दाखवले, आणि शेवटी खिडकीच्या कडेला उपडा ठेवलेला एक कप दाखवला. "हा तुमचा," म्हणाल्या. माझ्या हातची पोळी त्यांच्या पोटात जाणार, पण माझ्या ओठांचा कप त्यांच्या कपांत जाणार नाही. मी चहा न घेता खाली उतरले. रस्त्यातच ठरवलं की रांधीन, पण आता माझ्या नावाने रांधीन.

ठरवणं सोपं असतं. घरी तळून विकायचं तर जागा पाहिजे, परवाना पाहिजे, आणि माझा घरमालक तर साध्या फोडणीनेसुद्धा खोकत बाहेर येतो. ज्या भाजीवालीकडे मी नेहमी जायची तिनेच मला सांगितलं, लोहाऱ्याला एमआयडीसीत एका संस्थेनं सगळ्यांसाठी मिळून एक स्वयंपाकघर उघडलंय, बायांना धंद्यासाठी ओटा देतात. दुसऱ्या दिवशी मी जाऊन उभी राहिले.

ते एका बंद पडलेल्या कारखान्याचं शेड होतं. बाजूला तेलाची गिरणी, सरकीच्या ढेपेचा वास सतत. आत मात्र पांढऱ्या फरशा, खिडक्यांना जाळ्या, मोठाल्या शेगड्या आणि स्टीलचे चार ओटे. परवाना स्वयंपाकघराच्या नावाने, म्हणजे तिथे केलेला माल डबीत भरून, लेबल लावून उजळ माथ्याने विकता येत होता. नियम भिंतीवर लावले होते. डोक्याला टोपी, नखं कापलेली, आणि निघताना ओटा असा धुवायचा की पुढच्या बाईला पुन्हा धुवावा लागू नये. हा शेवटचा नियम मला फार आवडला. वसतिगृहात तसं कुणी कुणासाठी करत नव्हतं.

पण ओटा कायमचा मिळत नसे. आधी तीन महिने चाचणी. मग पुण्याहून संस्थेचे मोठे सर यायचे, सोबत आणखी दोघं, माल चाखायचे, विक्री बघायचे आणि ठरवायचे की या बाईला वर्षभर ओटा द्यायचा की रांगेतल्या पुढच्या बाईला बोलवायचं. रांग मोठी होती. मला मिळाला तो तीन नंबरचा ओटा. तो गेला असता तर मला पुन्हा त्या खिडकीतल्या कपाकडे जावं लागलं असतं. दुसरी वाट मला दिसत नव्हती.

एक नंबरच्या ओट्यावर एक मुसलमान बाई शेवया आणि नानखटाई करायची. तिच्या सासरी तीन पिढ्या भट्टीचं काम. वयाने माझ्याहून थोडी मोठी, आम्ही सगळ्या तिला आपा म्हणायचो. बोलायला फटकळ आणि हात असा की शेवई केसाहून बारीक निघायची. बाकी दोन ओट्यांवर पापडवाल्या आणि एक लोणचेवाली. आणि सगळ्यांवर देखरेख ठेवायला आमच्या मॅडम. पुण्याच्या, वयाने माझी लेक शोभतील अशा, कामाला वाघ. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गॅसच्या नळ्या तपासायच्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला आजही वाटतं. म्हणूनच तर राग कुठे काढावा ते कळायचं नाही.

माझा पदार्थ सांबारवडी.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थांबायला पाहिजे. आमच्याकडे, म्हणजे सगळ्या वऱ्हाडात, सांबार म्हणजे ती हिरवी पाला-भाजी जिला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. इडलीबरोबरच्या आमटीचा आणि आमच्या सांबाराचा काही संबंध नाही. थंडीत तो ढिगाने येतो, आणि आला की घरोघर वड्या. सांबार निवडायचा, कोवळी देठं तेवढी ठेवायची, धुवायचा आणि कापडावर पसरून पुरता कोरडा करायचा. मग बारीक चिरून त्यात भाजलेलं खोबरं, खसखस, चारोळी, आलं-लसूण, तिखट, मीठ. बेसनाची पातळ पारी लाटायची, तिला आतून चिंच आणि गरम मसाला चोळायचा, सारण ठेवायचं आणि किराण्याचा पुडा बांधतात तशी घडी घालायची. तळायची. वर कढी. वडी कढईत फुटली की समजावं, सांबार ओला राहिला. माझी आई मुकुटबनला, आमच्या गावी, लग्नाघरी ही वडी करायला जायची. पंगतीत वडी आली की लोक विचारायचे, कोनाच्या हातची? आणि उत्तर ऐकून आणखी एक मागून घ्यायचे.

कोथिंबीर वडी वेगळी. त्यात बेसनातच पाला कालवतात, उकडतात, कापतात आणि तळतात. चांगली लागते, मी तिला वाईट म्हणत नाही. पण ती ती आहे आणि ही ही आहे.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी माझा अर्ज वाचला आणि डोळे मोठे केले.

"ताई, सांबारवडी म्हणजे? इडलीबरोबरचं सांबार घालता यात?"

"नाही जी. सांबार म्हंजे सांबार. हिरवा. आपन भाजीवर टाकतो थो."

"अगं बाई, कोथिंबीर!" त्या मोकळेपणाने हसल्या. "मग कोथिंबीर वडीच लिहू या ना. बाहेर सगळ्यांना कळेल. आपल्याला पुण्याच्या दुकानातही माल पाठवायचाय."

मी गप्प बसले. हे मला लिहायला लाज वाटते, पण मी गप्प बसले. चाचणीचा पहिला आठवडा होता, ओटा डोळ्यासमोर होता, आणि दुरुस्त होण्याची मला लहानपणापासून सवय होती. मुकुटबनच्या शाळेत मी निबंधात लिहिलं होतं, मले माही माय आवडते. गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वीस वेळा 'मला माझी आई आवडते' लिहून घेतलं. ते गुरुजी स्वतः घरी बायकोशी 'मले' बोलायचे, आम्ही खिडकीतून ऐकलं होतं. तर अशी ती सवय. लेबलं छापून आली. हिरव्या अक्षरांत, गुळगुळीत कागदावर, कोथिंबीर वडी. मी ती आपल्या हाताने डब्यांवर चिकटवली.

मग यवतमाळात बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन लागलं. तीन दिवस मैदानावर मांडव. आमच्या स्वयंपाकघराचाही एक गाळा होता. लोक येत, लेबल वाचत, पुढे जात. आपल्याच भागातले लोक, ज्यांच्या जिभेवर ही वडी लहानपणापासून आहे ते. एक म्हातारे गृहस्थ मात्र थांबले. धोतर, टोपी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. डबी उचलून नाकाशी नेली.

"काहो बाई, हे त सांबारवडी दिसून राह्यली. मंग हे कोथिंबीर वडी काहून लिवलं?"

"संस्थेनं छापलं जी तसं."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "असं अस्ते बाप्पा. आपल्याले लेहता येत नाही, मंग लोकं काही बी लेहून देतात."

मी दहावी झालेली बाई आहे. वसतिगृहाच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं मी दुपारच्या आरामाच्या वेळात वाचली आहेत. पण माणूस खरं तेच बोलला होता. मी दुसऱ्यांना लिहू दिलं होतं.

संध्याकाळी एक बाई डबी परत घेऊन आल्या. बदलीवर आलेल्या कुण्या अधिकाऱ्याच्या पत्नी, बोलण्यावरून पश्चिमेकडच्या. "अहो, ही कोथिंबीर वडी नाहीये. यात मध्ये कसलं तरी सारण आहे. लेबलवर एक आणि आत एक, ही फसवणूक झाली." मी डबी घेतली, माफी मागितली. एकाच दिवशी आपल्या माणसाने मला अडाणी ठरवलं आणि परक्या बाईने लबाड. तिसऱ्या दिवशी निम्म्या डब्या तशाच परत आणल्या.

मॅडमनी माझ्या कागदावर शेरा लिहिला. टेबलाच्या पलीकडून उलटं वाचण्याची कला मी ठेकेदारासमोर उभी राहून शिकले आहे. 'उत्पादनाला स्थानिक मागणी कमी.'

"मॅडम, मागनी कमी नाही. नाव चुकलं."

"ताई, लेबलं छापून झाली आहेत, परवान्याच्या कागदांवरही तेच नाव गेलंय. आता सर येऊन जाऊ देत, मग बघू."

सर आल्यावर काय बघणार होतो? सर बघूनच ठरवणार होते. त्यानंतर बघायला मी तिथे असणार होते की नाही, हाच तर प्रश्न होता.

सर यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सगळ्या ओट्यांचं सामान एकत्र यायचं. प्रत्येकीने वहीत यादी लिहायची आणि भांडार सांभाळणारा माणूस एका फेरीत सगळं आणायचा. एरवी मॅडम यादी आधी वाचून द्यायच्या, त्या दिवशी त्या सरांच्या तयारीत गुंतल्या होत्या. भांडाराला पंधरा दिवसांपूर्वी एक काका आले होते, साताऱ्याकडचे निवृत्त कारकून. टापटीप माणूस. वहीत लिहिलं आहे ते आणि तेवढंच आणणार. मी नेहमीसारखंच लिहिलं होतं, सांबार, तीन किलो.

अकराच्या सुमाराला काका घामाघूम होऊन आले. माझ्या ओट्यावर त्यांनी पिशवी रिकामी केली आणि खोक्यांचा डोंगर झाला. सांबार मसाला. लाल-पिवळी खोकी, तीन निरनिराळ्या कंपन्यांची.

"एका दुकानात तीन किलो कुठला मिळायला?" काका म्हणाले. "चार दुकानं हिंडलो. पण पुरा करून आणलाय."

पापडवाल्या हसायला लागल्या. लोणचेवालीने तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. पण सांबार सकाळी येऊन, धुऊन, दिवसभर वाळला तरच दुसऱ्या दिवशी वडी न फुटता तळली जाते. इथे अकरा वाजले होते आणि माझ्या ओट्यावर एक हिरवं पान नव्हतं.

मॅडम धावत आल्या. खोकी पाहिली, वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, म्हणूनच मी म्हणत होते ना, कोथिंबीर लिहायची सवय करा."

त्या एवढंच बोलल्या, रागाने नाही, काळजीनेच. पण तीन महिने आवळून धरलेलं माझं तोंड सुटलं.

"मॅडम, तुमाले इथं येऊन सहा महिने झाले. काकाजीले पंधरा दिवस. मी शेहेचाळीस वर्षांची, इथंच जलमली, इथंच मरन. आता तुमीच सांगा, कोनं कोनाचा शब्द शिकाचा? तुमी आमाले शिकवाले आल्या, बरं झालं. पन एक शब्द आमचा शिकल्या असत्या त काय बिघडलं असतं?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. काका हळूच खोकी पिशवीत भरायला लागले आणि पुटपुटले, "मला काय ठाऊक बाई, मी लिहिलेलं आणलं." त्यांचं खरंच होतं. मी बोलते तसं लिहिलं, त्यांनी वाचलं तसं आणलं. चूक शोधायला गेलं तर कुणाच्याच वहीत नव्हती.

आपाने शेवयांच्या यंत्रावरून मान वर केली. "सही बोली. पर अब भाषण बस कर बाई, सांबार लेके आ. बारा बजने को आए."

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. "चला ताई," म्हणाल्या. मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसले.

बाजारात दुपारचा सांबार म्हणजे गळलेल्या मानेचा, पिवळा. माझ्या भाजीवालीने तो मला विकलाच नाही. "हा तुह्या कामाचा नाही. लोहाऱ्याच्या पुढं जाय, रस्त्याले लागून वाडी हाय, म्हातारीच्या हातचा सांबार ताजा भेटन," म्हणाली. गेलो. वाडीत एक म्हातारी वाफ्यात बसून गवत उपटत होती. चारी बाजूंनी हिरवागार सांबार, वाससुद्धा रस्त्यापर्यंत येत होता.

मॅडमनी गाडी लावली आणि कुंपणावरून विचारलं, "आजी, कोथिंबीर मिळेल का?"

म्हातारीने मान वर केली, सभोवताली नजर फिरवली, पुन्हा मॅडमकडे पाहिलं. "कोथिंबीर नाही बाई आमच्या इथं. सांबार हाय. पाह्यजे का?"

तिला कोथिंबीर ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. घरावर डिशची छत्री होती, रोज मालिका बघत असणार. पण तिच्या वाफ्यात सांबार उगवला होता आणि ती तो दुसऱ्या नावाने उपटून द्यायला तयार नव्हती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मॅडमनीही वाफ्यांवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "सांबार द्या आजी. तीन किलो." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नवा बूट घालून चालल्यासारखा त्या तो जपून बोलल्या.

परत आलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. धुऊन झाला, पण वाळवणार कुठे? ऊन उतरलं होतं. आपाच्या ओट्यामागे शेवया वाळवण्यासाठी दोन मोठे पंखे आणि ताणलेल्या चादरी होत्या. तिचाही माल उद्याच चाखला जाणार होता, तिचंही वर्ष त्यावर ठरणार होतं. तिने आपल्या अर्धवट वाळलेल्या शेवया गोळा केल्या, सुपात घेतल्या आणि शेडबाहेर राहिलेल्या उन्हाला नेऊन ठेवल्या.

"आपा, तुमच्या शेवया नरम राह्यतीन."

"मेरी शेवई को मैं समझाऊंगी. तू तेरा पाला फैला."

मॅडमनी बाह्या सावरल्या आणि आम्ही दोघींनी मिळून चादरीवर सांबार पसरला. दर दहा मिनिटांनी त्या हात फिरवून बघायच्या आणि मला विचारायच्या, झाला का? मी म्हणायची, देठाला हात लावा, देठ ओलं अस्ते. दिवे लागायच्या आत सांबार हाताला कोरडा लागला.

सकाळी वड्या तळल्या. एक फुटली, ती मी खाऊन टाकली. मग डब्या भरायला घेतल्या आणि हात थांबला. प्रत्येक झाकणावर तीच गुळगुळीत हिरवी अक्षरं. मी पॅकिंगच्या टेबलावरचा काळा मार्कर उचलला. कोथिंबीर या शब्दावर आडवी रेघ, वर माझ्या अक्षरात, सांबारवडी. चाळीस डब्यांवर. माझं अक्षर सुंदर नाही, पण वाचता येतं. मॅडम आत आल्या, त्यांनी पाहिलं, चेहरा उतरला, पण मार्कर काढून घेतला नाही.

सर आले. सोबत आहारशास्त्राच्या एक बाई आणि यवतमाळचेच एक निवृत्त बँक मॅनेजर. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत मोठ्या टेबलाशी बसले. आपाच्या शेवया काहीशा नरमच होत्या, पण खिरीत कुणाला कळलं नाही. तिला तिथल्या तिथे वर्ष मिळालं. मग माझी डबी. मॅनेजरसाहेबांनी एक वडी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. खाली मान घालून खात होते. सरांनी मात्र आधी झाकण बघितलं.

"हे काय आहे? लेबल का खोडलंय?"

"नाव चुकीचं होतं जी."

सर शांतपणे बोलले. ओरडणारा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "ताई, चव उत्तम आहे. पण उद्या ही डबी पुण्याच्या दुकानात जाणार. तिथला माणूस सांबार वाचेल आणि आमटी समजेल. परवान्याच्या कागदांवर एक नाव आणि डबीवर दुसरं, हे चालणार नाही. मोठं व्हायचं असेल तर सगळ्यांना कळेल अशी भाषा पाहिजे."

मी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. हा आमचा माणूस. याच्या घरात सकाळ-संध्याकाळ सांबार म्हणत असणार. त्यांनी रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "सरांचं बरोबर आहे. आपण थोडं प्रमाण भाषेत यायला पाहिजे." तीन वड्या खाऊन. सरांच्या बोलण्याने मला वाईट वाटलं नव्हतं. या वाक्याने मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"सर," मी म्हटलं, "मोमो यवतमाळात आला तवा त्याले कोनी उकडीची करंजी म्हटलं काय? पिझ्झाले कोनी पनीरची भाकर म्हटलं काय? त्याचं नाव आमी शिकलो. जिभेले जमत नव्हतं, तरी शिकलो. इडली आली, ढोकळा आला, मंचुरियन आलं. सगळे आपलं आपलं नाव घेऊन आले अन् आमी सगळ्याईले त्याच्याच नावानं हाक मारतो. मंग माह्या वडीनंच काहून आपलं नाव बाहेर ठेवून आत याचं?"

आहारशास्त्राच्या बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. सर म्हणाले, "मुद्दा समजला. पण एका शब्दासाठी ओटा घालवाल का? विचार करा."

विचार मी रात्रीच करून आले होते असं नाही. तिथे उभ्या उभ्याच केला. खिडकीतला उपडा कप डोळ्यासमोर आला. तरी बोलले, "ओटा तुमचा हाय सर, ठेवा. नाव माह्या मायच्या हातचं हाय, थे मी देत नाही. मायच्या वडीले दुसरं नाव लावून मी तीन महिने ईकलं, आता नाही ईकत."

त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

मी माझ्या ओट्यापाशी आले. ओटा धुवून ठेवायचा होता, पुढच्या बाईसाठी. कढईचं तेल गाळलं, शेगडी पुसली, स्टीलवर साबण लावून घासायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दुःखाचं कमी, संतापाचं जास्त होतं. आपा माझ्याजवळ आली नाही. तिला ठाऊक होतं की कुणी पाठीवर हात ठेवला असता तर मी मोडले असते. ती आपल्या ओट्यावरून म्हणाली, "वो कोने में भी घास, वहाँ बेसन लगा है." मी कोपरा घासला.

काचेपलीकडे मॅडम उभ्या राहून बोलताना दिसत होत्या. ऐकू काही येत नव्हतं. एकदा त्यांनी माझी फाईल उघडून सरांसमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नंतर आपाला त्यांनी सांगितलं ते असं की मागणी कमी हा शेरा त्यांनी स्वतःच खोडला आणि म्हणाल्या, ही बाईंची चूक नाही, माझी आहे, पुण्याला पाठवू नका हवं तर, पण या जिल्ह्यात ही डबी याच नावाने विकली गेली पाहिजे, आणि कागद बदलायला जेवढे खेटे घालावे लागतील तेवढे मी घालते.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. डोळे त्यांचेही लाल होते. त्या सरळ दाराशी गेल्या. तिथे एक फळा आहे, कुठला ओटा कुणाला वर्षभरासाठी दिला ते त्यावर लिहितात. मी हातात ओलं फडकं घेऊन मागे मागे गेले. आपाही आली. मॅडमनी खडू घेतला. त्यांनी लिहिलं, ओटा क्रमांक तीन, एक वर्ष, सांबर वडी.

मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"मॅडम, काना राह्यला."

"कुठे?"

"ब ले. सांबर म्हंजे जंगलातलं, शिंगवालं. टिपेश्वरले अस्ते. त्याची वडी केली त जंगलखातं मले धरून नेईन."

आपा खो खो हसायला लागली. मॅडम आधी फळ्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनाही हसू आवरेना, डोळे पुसत पुसत हसल्या. त्यांनी काना द्यायला हात उचलला. मी तो खडू त्यांच्या हातातून घेतला आणि ब ला काना माझ्या हाताने दिला, चांगला लांब, रस्त्यावरून दिसेल असा.